फरार कोण?

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, चार-दोन वाक्यं तेवढी सरळ केली.)

दोस्तहो, आणि मागं दाराशी बसलेल्या बहिणींनो,

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघं-तिघं हसले. वेड्यांच्या इस्पितळातनं पळणारी माणसं. एकानं खालूनच विचारलं, "च्यायला, चळवळ सोडून हे काय काढलं?" त्याला उत्तर देतो, पण आधी एक बातमी ऐका. वर्षातनं चार-सहा वेळा ती तशीच्या तशी येते. गावाचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. "मनोरुग्णालयातून रुग्णाचे पलायन. परिसरात घबराट. पोलिसांचा शोध सुरू." दोन परिच्छेद. खिडकीचे कुठले गज वाकवले ते असतं. किती वाजता पळाला ते असतं. ड्यूटीवर कोण होतं ते असतं, आणि त्याच्यावर काय कारवाई होणार तेही असतं. तो माणूस का पळाला, हे एका ओळीत पण नसतं. बातमी लिहिणारा विचारत नाही, वाचणाराही विचारत नाही. वेड्याला कारण लागत नाही हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं.

इस्पितळाच्या कागदावर अशा पेशंटच्या नावापुढं इंग्रजीत एक शब्द लिहितात, ॲबस्कॉन्डेड. मराठीत फरार. खुनाच्या आरोपीला जो शब्द, दरोडेखोराला जो शब्द, तोच तापानं फणफणलेल्या डोक्याच्या माणसाला. टीबीच्या वॉर्डातनं पळालेल्या पेशंटच्या कागदावरही हाच शब्द पडतो, पण त्याच्यामागं कुणी गाडी घेऊन धावत नाही, पेपरात येत नाही. इथं मात्र तो शब्द खराच लागू होतो.

आणि भाषेचं म्हणाल तर आपण शहरांच्या नावांच्याच शिव्या करून ठेवल्यात. मुंबईत कुणी जरा वाकडं बोललं की "याला ठाण्याला पाठवा". पुण्याकडं येरवडा, कोकणात रत्नागिरी. चारी जुनी सरकारी मनोरुग्णालयं, नागपूर धरून, इंग्रजांच्या काळातली. येरवडा म्हटलं की आपल्या माणसाला १९३२ चा सप्टेंबर आठवतो, तुरुंगात झालेला तो करार आठवतो. त्याच येरवड्यात दुसरी एक मोठी भिंत आहे. तिच्या आतल्या माणसांवर आपण फक्त विनोद करतो.

आता थोडं लांबचं सांगतो. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ज्यांचं नाव उचललं, त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या मुलखातली ही गोष्ट. १८५१ साली लुइझियाना राज्यातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक नवा रोग शोधला. ग्रीक शब्द जोडून त्याचं नाव ठेवलं ड्रॅपेटोमॅनिया. लक्षण एकच. गुलाम मळ्यातनं पळून जातो. या डॉक्टरचं म्हणणं, मालक बरा असताना, खायला-प्यायला मिळत असताना गुलाम पळतोय म्हणजे त्याला मेंदूचा आजार असला पाहिजे. औषध पण दिलंय. गुलामाला पोरासारखं वागवा, बरोबरीनं वागवू नका. आणि त्याच्या तोंडावर नाराजी दिसायला लागली तर रोग बळावायच्या आत फटके मारा. हे वैद्यकाच्या मासिकात छापून आलं, शास्त्र म्हणून.

इथं एक खुलासा. मनोरुग्णालयातला माणूस म्हणजे तो गुलाम, असं मी म्हणत नाही. गुलाम आजारी नव्हता. इस्पितळातला माणूस आजारी असतो, पुष्कळदा फारच आजारी असतो. वेड नावाची गोष्टच नाही, तो व्यवस्थेचा बनाव आहे, असं बोलणारे आपल्यात एक-दोन विद्वान आहेत. ज्या घरात बाप रात्रभर भिंतीशी बोलतो आणि पोरीला सकाळी सातच्या पाळीला जायचं असतं, त्या दहा बाय दहाच्या घरात या विद्वानांनी एक रात्र काढावी. औषध लागतं, डॉक्टर लागतो, कधीकधी भरती पण करावं लागतं. कार्टराइटचं मी एवढ्यासाठी सांगितलं, की पळणं हे लक्षण आहे असं एकदा लिहिलं की ज्या जागेतनं माणूस पळाला त्या जागेची चौकशी बंद होते. मळा तपासायला कुणी जात नाही.

आता कायदा. मी मॅट्रिक आहे, कायद्याचं इंग्रजी मला जड जातं. एका वकील मित्राला धरून गोदीच्या कॅन्टीनमध्ये चार संध्याकाळी बसलो आणि कलमं उतरवून घेतली. त्यातलं जे सांगतोय ते नीट ऐका, कारण पोलीस चौकीवर हे कुणी सांगणार नाही.

१८५७ चं बंड झालं आणि १८५८ साली इंग्रजांनी हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. पुढं १९१२ चा लुनसी ॲक्ट आला. त्या कायद्यात पोलिसाला अधिकार होता की मोकाट फिरणारा वेडा दिसला तर त्याला धरावं. ३६ व्या कलमात पळालेल्याचं लिहिलं होतं. इस्पितळातनं पळाला तर पोलीस, इस्पितळाचा प्रमुख किंवा त्याचा कुठलाही नोकर त्याला धरून परत आणू शकतो. पण त्याच कलमात एक अट होती. पळालेला गुन्हेगार नसेल तर त्याला पकडायची मुदत एक महिना. महिना उलटला की त्या जुन्या हुकमावर त्याला हात लावता येत नव्हता. म्हणजे गोऱ्या सरकारला सुद्धा एवढं कळत होतं की जो माणूस महिनाभर बाहेर राहिला, जगला, कुणाचं काही बिघडवलं नाही, त्याला आत ठेवायचं कारण पुन्हा पहिल्यापासून दाखवायला पाहिजे. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षं चालला. १९८७ साली नवा झाला, तो लागू व्हायला १९९३ उजाडलं.

आणि मग २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा, २०१८ पासून लागू झालेला. यातलं ९२ वं कलम वाचलं तेव्हा मी वकिलाला दोनदा विचारलं, असंच आहे का? असंच आहे. डॉक्टरच्या सांगण्यावरून पोलिसांनी परत आणायचं ते फक्त कलम १०३ खालच्या माणसाला. कलम १०३ म्हणजे मानसिक आजार असलेला कैदी. तुरुंगातनं उपचाराला आणलेला माणूस. तो रजेशिवाय, डिस्चार्जशिवाय गेला तर पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन परत पोचवायचं. साध्या पेशंटचं नाव त्या कलमात नाही.

साध्या पेशंटसाठी वेगळी दारं आहेत. स्वतःच्या सहीनं भरती झालेला माणूस, कायदा त्याला स्वतंत्र पेशंट म्हणतो, त्यानं जातो म्हटलं की सोडायला पाहिजे. डॉक्टरला धोका वाटला तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. जो स्वतः ठरवू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. पुढं ठेवायचं तर पुनरावलोकन मंडळाची मंजुरी पाहिजे. आणि कलम १९ म्हणतं, घर नाही, घरच्यांनी टाकलं, बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणाला इस्पितळात ठेवून घ्यायचं नाही.

आम्हाला गोदीत गेटपास लागतो. आत जाताना दाखवायचा, बाहेर येताना झडती द्यायची. पण पाळी संपली की गेटवरच्या शिपायाच्या बापाची हिंमत नाही मला आत ठेवायची. इस्पितळातल्या साध्या पेशंटचा हक्क कागदावर जवळपास तेवढाच झालाय. कागदावर. भिंत तशीच उंच आहे, वरच्या काचा तशाच आहेत आणि रजिस्टरमधला शब्दही तोच आहे.

कागद आणि भिंत यांच्यामधलं अंतर किती, ते केरळात २०२२ साली दिसलं. कोझिकोडला कुतिरवट्टम म्हणून सरकारी मनोरुग्णालय आहे. आपण ठाण्याचं नाव जसं वापरतो तसं तिकडं कुतिरवट्टमचं वापरतात. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका कोठडीत एक बाई मेलेली सापडली. तिशीची. ती महाराष्ट्रातली होती. त्याच कोठडीतल्या दुसऱ्या पेशंट बाईशी झटापट झाली आणि त्यात ती गेली, असं तपासात निघालं. मग लगोलग तिथनं एकामागून एक पेशंट पळायला लागले. एकीनं तर भिंत पोखरून वाट काढली. पेपर भरले, चॅनेल भरले. केरळ उच्च न्यायालयानं दखल घेतली आणि हुकूम दिला, पहारेकरी नेमा.

पहारेकरी पाहिजेतच, मी नाही म्हणत नाही. ज्या कोठडीत दोन आजारी बायांची मारामारी होते आणि ती सोडवायला कुणी नसतं, तिथं माणूसबळ पाहिजेच. पण ज्या इमारतीत एक बाई मारली गेली, तिथल्या दुसऱ्या बाया भिंत पोखरून बाहेर पडल्या तर त्यांचं डोकं बिघडलेलं होतं म्हणायचं, की ठिकाणावर होतं म्हणायचं?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथनंच एक खुनाचा आरोपी पळाला. कैदी होता, उपचाराला आणलेला. दुसऱ्या दिवशी कर्नाटकात धर्मस्थळला सापडला. हा खरा ९२ व्या कलमातला माणूस. त्याला पकडणं पोलिसांचं काम होतं, त्यांनी ते केलं, बरं केलं. एका तरुण पोरीच्या खुनाचा आरोप होता त्याच्यावर. तिच्या घरच्यांचे ते एक-दोन दिवस कसे गेले असतील ते आपल्याला कळायला पाहिजे. पण सहा महिन्यांमागं भिंत पोखरलेली बाई आणि हा आरोपी, दोघं बातमीत एकाच शब्दाखाली आले. शिवाय इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरला निलंबित केलं, त्यावर तिथले डॉक्टर चिडले. आता पुढच्या वेळी तो डॉक्टर काय करेल? कुलपं वाढवेल. पेशंटला अंगणात सोडायचं की नाही असा प्रश्न आला की नाही म्हणेल. एक पळाला की त्याची शिक्षा उरलेल्या सगळ्यांना.

ही शिक्षा खाली झिरपते तेव्हा कुणाच्या अंगावर येते ते मला घरातनं माहीत आहे. माझी मावशी एका सरकारी मनोरुग्णालयात आया आहे, बायकांच्या वॉर्डात. कुठल्या ते सांगत नाही, तिची नोकरी जाईल. रात्रपाळीला दोन आया आणि साठ-सत्तर बाया. सकाळ-संध्याकाळ मोजणी. डोकी मोजायची, आकडा लिहायचा, किल्ल्यांचा जुडगा पुढच्या पाळीला द्यायचा. झाडू, मोरी, घाण, सगळं कुणाच्या वाट्याला येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वॉर्डातल्या आयाबाया आणि सफाईवाले आपल्याच वस्त्यांतले.

तीन वर्षांमागं दसऱ्याच्या तोंडावर तिच्या पाळीत एक बाई पळाली. जेवणाची गाडी आत घ्यायला दार उघडलं, गाडी आत आली आणि ही बाहेर. बीडकडची ऊसतोड बाई. बाळंतपणानंतर बिघडली होती, पण तीन महिन्यांत औषधानं पुष्कळ सुधारली होती, वॉर्डात इतरांच्या वेण्या घालायची. मावशी म्हणते, ती महिनाभर एकच विचारत होती. "दसऱ्याला किती दिस ऱ्हायले?" सगळ्यांना वाटायचं, भ्रमात बोलतेय.

ज्यांच्या घरी ऊसतोड आहे त्यांना कळलं असेल. दसरा झाला की टोळ्या निघतात. नवऱ्यानं मुकादमाकडनं उचल घेतलेली, पूर्ण कोयत्याची. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. बायको नसली तर अर्धा कोयता, आणि उचल पूर्ण घेतलीय, तर तो अर्धा भरून काढायचा कुणी? घरात तेरा वर्षांची पोरगी. शाळेत जाणारी. हिला डोळ्यांसमोर ती पोरगी उसाच्या फडात दिसत होती, म्हणून ही दिवस मोजत होती. त्या वॉर्डात त्या महिन्यात सगळ्यात पक्का हिशेब कुणाचा असेल तर तिचा.

एसटी स्टँडपर्यंत गेली. अंगावर इस्पितळाचा गाऊन, छातीवर छाप. पाय अनवाणी. कंडक्टरनं खाली उतरवलं. लोक जमले, कुणी मोबाईलवर काढलं, कुणी हसलं, एका म्हाताऱ्यानं केळं दिलं. मग पोलिसांची गाडी. दोन तासांत ती परत वॉर्डात. रजिस्टरात नोंद, फरार, परत आणली. मावशीला नोटीस, तीन दिवसांचा पगार कापला. त्या दारावर दुसरं कुलूप बसलं.

आता कायद्यानं बघा. ती कैदी नव्हती, ९२ वं कलम तिला लागत नव्हतं. पोलीस म्हणतील, कलम १०० खाली आणली, एकटी भटकत होती. ठीक आहे. पण कलम १०० म्हणतं, ताब्यात का घेतोय ते त्या माणसाला सांगा आणि सरकारी दवाखान्यात नेऊन तिची तपासणी करवा. म्हणजे डॉक्टरनं तिला नव्यानं बघायला पाहिजे होतं. हिला आत ठेवायची अजून गरज आहे का, हे विचारायला पाहिजे होतं. मंडळाला कळवायला पाहिजे होतं की ही बाई जातो म्हणतेय. झालं काय? दार उघडलं, आत घेतली, दार लावलं. कशासाठी पळालीस, हे मावशीनं विचारलं, रात्री, पाणी देताना. तेव्हा ते पोरीचं कळलं. नवरा तिला न्यायला आला तो हंगाम संपल्यावर. तोवर पोरगी सहा महिने फडात राहून आली होती.

माझं म्हणणं एवढ्यात आहे. माणूस पळाला की खिडकी तपासता, तशी त्याच्या कागदावर एक ओळ लिहा. का पळाला. त्याच्या तोंडचं लिहा, तुम्हाला खुळचट वाटलं तरी लिहा. आणि तो परत आला तर त्या ओळीवर डॉक्टर आणि मंडळ काय म्हणतं ते लिहा. याला पैसा लागत नाही, बजेट लागत नाही. पेन लागतं.

मागनं कुणीतरी म्हणतंय, "आणि त्यानं कुणाला मारलं तर?"

रास्त प्रश्न आहे, टाळत नाही. १९५२ साली इंग्लंडात ब्रॉडमूर नावाच्या इस्पितळातनं जॉन स्ट्रॅफन नावाचा माणूस भिंत चढून पळाला. आधी दोन लहान मुलींचा जीव घेतलेला, म्हणूनच तिथं ठेवलेला. चार तास बाहेर होता. तेवढ्यात सायकल चालवत असलेली पाच वर्षांची एक पोर त्यानं मारली. अशा माणसाला भिंत पाहिजे, कुलूप पाहिजे, आणि ते ढिलं ठेवणाऱ्याला जाब पाहिजे. तो पुढं २००७ मध्ये तुरुंगातच मेला. पण त्या चार तासांनंतर त्या भागात भोंगे बसवले आणि पुढं कित्येक दशकं दर सोमवारी सकाळी १० वाजता ते वाजवून बघत. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे आजे-पणजे उठले त्यांना भोंगा म्हणजे काय ते कळतं. आसपासच्या गावातली तीन पिढ्यांची पोरं तो आवाज ऐकत वाढली. त्यांच्या कानात वेडा म्हणजे काय बसलं असेल! एका स्ट्रॅफनची भीती जगातल्या सगळ्या पेशंटांवर वाटून टाकली. आपल्या बीडच्या बाईला कंडक्टरनं उतरवलं त्यात त्या भीतीचा वाटा आहे.

इटलीत फ्रांको बासाल्या म्हणून डॉक्टर होता. त्यानं इस्पितळाची कुलपं काढायला सुरुवात केली. १९६८ साली गोरीत्सिया गावात त्याच्या इस्पितळातनं एक दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या पेशंटनं स्वतःच्या बायकोला मारलं. बासाल्यावर मनुष्यवधाचा आरोप आला. त्यातनं तो सुटला, पण त्याच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. आपल्याकडं असं झालं असतं तर पुढची पन्नास वर्षं कुणी रजा दिली नसती. त्यानं काय केलं? दुसऱ्या गावी, त्रिएस्तेला गेला आणि तिथलं हजारावर पेशंटांचं इस्पितळ उघडायला घेतलं. तिथं धुण्याची गाडी ओढणारा एक घोडा होता, मार्को त्याचं नाव. १९७३ साली पेशंटांनी आणि कलावंतांनी मिळून त्या घोड्याचा लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा भलामोठा निळा पुतळा केला. इतका मोठा, की दारातनं बाहेर निघेना. मग दार फोडलं. घोडा पुढं आणि पेशंट, नर्सा, डॉक्टर मागं, असा मोर्चा गावात गेला. १९७८ साली इटलीनं कायदा करून असली इस्पितळं बंद करायचं ठरवलं. त्यांच्याकडं सगळं गोड झालं असं नाही, कितीतरी घरांवर ओझं पडलं, बायकांवर जास्त. पण तो दार फोडलेला निळा घोडा मला लई आवडतो. जहाजातनं अवजड पेटी निघत नाही तेव्हा आम्ही पेटी कापत नाही, वाट मोठी करतो.

आता न पळालेल्यांचं ऐका. पळाला त्याची बातमी तरी होते.

आसामात एका आदिवासी माणसाला १९५१ साली मारहाणीच्या गुन्ह्यात धरलं. वेडा ठरवून तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ साली इस्पितळानं लिहून दिलं, हा बरा आहे. त्याला सोडायच्या ऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात टाकलं. खटला नाही, तारीख नाही. २००५ साली बाहेर आला, एक रुपयाच्या जामिनावर. ५४ वर्षं. मध्ये १९९३ साली शीला बारसे यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून झालं होतं की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनेच्या विरुद्ध आहे. गुन्हा नसलेल्यांबद्दल कोर्ट बोललं, आणि जो बरा झाला म्हणून लिहून दिलंय तो आतच. हा माणूस भिंतीवरनं उडी मारून गेला असता तर फरार ठरला असता. नाही गेला. कायद्यानं वागला.

आणि एरवाडी. तामिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यात. दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेले खाजगी आश्रम. पेशंट पळू नयेत म्हणून त्यांना साखळीनं बांधून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका आश्रमाच्या झापाला आग लागली. २८ माणसं मेली. त्यांना पळता आलं नाही. मला वाटतं पळण्याच्या प्रश्नावर याच्या पुढं काही बोलायची गरज पडू नये. २०१७ च्या कायद्यात ९५ व्या कलमात साखळदंडाला कसल्याही रूपात बंदी घातली, ती या माणसांच्या राखेतनं आलीय.

आपल्या महाराष्ट्राचं काय? जे बरे झाले आणि ज्यांना घरचे नेत नाहीत, त्यांच्यासाठी बाहेर राहायची सोय करा असं सुप्रीम कोर्ट सांगत होतं. आपल्याकडं त्यातल्या काहींना इस्पितळातनं उचलून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात टाकलं. जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते थांबवा म्हणून सांगितलं. बघा म्हणजे, आजार बरा झाला तर माणूस भिकारी झाला. एका भिंतीतनं दुसऱ्या भिंतीत. आणि जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं देशातल्या ४६ सरकारी मनोरुग्णालयांच्या हालतीवर नोटिसा काढल्या, त्यात बरे झालेल्यांना बेकायदा आत ठेवल्याचं स्पष्ट म्हटलं. ज्याचा भाऊ फ्लॅटमध्ये राहतो, वकील आहे, त्याला कुणी दहा वर्षं आत ठेवत नाही. आत राहतो तो पुलाखालनं आणलेला, फलाटावरनं उचललेला, ज्याच्या घरचा पत्ता म्हणजे "कारखान्यामागं, नाल्याला लागून". हे चळवळीचं काम नाही म्हणणाऱ्यानं आता बोलावं.

कायदा म्हणतो, ज्याला कुणीच नाही त्याचा प्रतिनिधी म्हणून शेवटी समाजकल्याण खात्याच्या संचालकाला नेमायचं. तुमची शिष्यवृत्ती ज्या खात्यात अडकते तेच. आता हसू नका, मी ते रागानं सांगतोय.

शेवटचं, आणि हे आपल्या स्वतःच्या हाताबद्दल आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावानं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मोबाईलवर आवई उठली होती. ते पेशंट नव्हते. पण अनोळखी, मळका, नीट उत्तर न देणारा माणूस दिसला की हात उचलायचा ही जी सवय आहे, तिच्या तावडीत इस्पितळातनं पळालेला माणूस सगळ्यात आधी सापडतो. त्याला तर स्वतःचं नाव पण वेळेवर सांगता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आपल्या नळापाशी रात्री एक जण सापडला, त्याला पोरांनी खांबाला बांधला होता. कुणी बांधला ते इथं बसलेल्यांना माहीत आहे. नावं घेत नाही.

तर असा कुणी आला तर काय करायचं? बसवायचं, पाणी द्यायचं, गर्दी हटवायची. बाई असेल तर बायकांनीच बोलायचं. नाव विचारा, कुठं जायचंय विचारा, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या. घाबरलेला किंवा जखमी असेल तर १०८ ला फोन. काय करावं सुचत नसेल तर १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची फुकट लाईन आहे, मराठीत बोलतात. पोलीस आले तर दोघांनी बरोबर जायचं. कलम १०० प्रमाणं २४ तासांच्या आत त्याला सरकारी दवाखान्यात न्यायलाच पाहिजे आणि कुठल्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेला म्हणून गुन्हा नोंदवून घरच्यांचा शोध घ्यायचं कामही पोलिसांचंच. कलम २७ प्रमाणं त्याला फुकट वकील मिळतो. आणि तो कैदी नसेल, आणि म्हणत असेल की मला परत जायचं नाही, तर ते मोठ्यानं, डॉक्टरपुढं, दोन साक्षीदारांदेखत म्हणायला लावा.

वकील मित्रानं कलम १९, ९२ आणि १०० मराठीत एका पानावर उतरवून दिलीत. पन्नास झेरॉक्स काढल्यात. रविवारी सकाळी चौकीच्या फळ्यावर लावायला जायचंय, मग नळावर, रिक्षा स्टँडवर, आणि एसटीच्या कंडक्टर लोकांना वाटायला डेपोत. चौघं लागतील. माझं नाव वहीत पहिलं लिहिलंय. उरलेली तीन आत्ता, उठायच्या आधी, लिहा.